पापणीभर उशीर

मावशीच्या घरात एक नियम होता: एका कामासाठी तिला हाक मारायची नाही. कामं साठू द्यायची, चांगली मूठभर झाली की एकदाच हाक मारायची. सुटलेलं बटण, न उघडणारं बरणीचं झाकण, माळ्यावरची पेटी, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, सगळं एका खेपेत. मध्येच कोणी हाक मारली तर आतून उत्तर यायचं, "होल्ड करा." त्यावरून बहिणींच्या मुलांनी तिचं नाव होल्ड-मावशी ठेवलं होतं. ते नाव तिला मनातून आवडायचं, पण तसं तिने कधी कबूल केलं नाही.

हा नियम तिने केला निवृत्त झाल्यावर. त्याआधीची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. समोर उंच लाकडी फळी, तिच्यावर मधाच्या पोळ्यासारखी भोकं, पितळी टोकांच्या दोऱ्या, कानाला हेडसेट. फळीवर दिवा लागला की दोरी खुपसायची आणि बोलायचं. दिवा लागलाय आणि आपण केसांची पिन सारखी करतोय, असं चालत नसे. पाठीमागे सुपरवायझरबाई उभ्या असत आणि त्यांची नजर मानेला टोचत असे. इतकी वर्षं दर दिव्याला धावल्यावर निवृत्तीच्या दुसऱ्या सकाळी तिने चहाचा कप हातात घेऊन जाहीर केलं, की आता दिवे लागोत नाहीतर विझोत, मी माझ्या सवडीने उठणार.

हा नियम पाळायला आता घरात एक भाचीच उरली होती. धाकट्या बहिणीची ही मुलगी नोकरीसाठी या शहरात आली, जागा मिळेपर्यंत राहते म्हणाली, आणि जागा शोधायचं दोघींनीही सोयीस्करपणे विसरून टाकलं. आता तिच्याही केसांत रुपेरी तारा दिसायला लागल्या होत्या. तिची कंपनी इंटरनेटवरून फोन जोडून द्यायची. म्हणजे मावशीने जे काम दोऱ्या खुपसून केलं, तेच भाची दोऱ्यांशिवाय करत होती. आपोआपच जोडलं जातं म्हटल्यावर तुम्ही दिवसभर करता काय, असं मावशी तिला अधूनमधून विचारायची, आणि भाची दरवेळी नव्याने चिडायची.

त्या महिन्यात मात्र चिडायलाही तिच्यात त्राण नव्हतं. झालं होतं असं, की कंपनीतली जुनी मशीनं काढून त्यांच्या जागी एकच दणकट सर्व्हर घ्यावा, हा सल्ला तिनेच दिला होता. त्या एका सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरने अनेक मशीनं तयार करायची. मावशीला तिने समजावलं, की मोठ्या दिवाणखान्यात पडदे लावून बिऱ्हाडं करावीत तसं हे. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं, घर आपलंच. बाहेर जाण्या-येण्याचं दार मात्र एकच, ते म्हणजे नेटवर्क कार्ड. हे कार्ड तिने हट्टाने सगळ्यात वेगवान मागवलं होतं. आणि आता ते लावल्यावर, जाहिरातीत हरणासारखं पळणारं हे कार्ड प्रत्यक्षात म्हशीसारखं रवंथ करत होतं.

तिच्या साहेबांना ऑफिसात कालसाहेब म्हणत, कारण त्यांना प्रत्येक गोष्ट कालच हवी असायची. आठवड्याच्या शेवटापर्यंत वेग दिसला नाही, तर जुनी मशीनं परत लावू, असं ते अत्यंत गोड आवाजात म्हणाले होते. भाची म्हणाली की ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी जेवायच्या टेबलावर मिठाची बाटली, लोणी आणि दोन कप मांडून तिने मावशीला सगळी कहाणी सांगितली. दोष कार्डाचा नव्हता. दारावर सॉफ्टवेअरचा एक मधला कारकून बसला होता. बाहेरून येणारं प्रत्येक पॅकेट, म्हणजे बोलण्याचा किंवा माहितीचा एकेक पुडा, आधी तो हातात घ्यायचा, त्याची नक्कल उतरवायचा आणि मग ती योग्य पडद्याआड नेऊन द्यायचा. त्यातच त्याची दमछाक व्हायची. म्हणून भाचीने त्याला बाजूला सारलं आणि प्रत्येक बिऱ्हाडाला कार्डाचा एकेक तुकडा थेट जोडून दिला.

"म्हणजे मधली बाई काढून टाकलीस," मावशी म्हणाली.

भाचीने बाई नाही, सॉफ्टवेअर, असं सांगून पाहिलं. पण मावशीने लोणी जरा जास्तच जोरात आपल्याकडे ओढलं. एक्स्चेंज स्वयंचलित झालं तेव्हा तिलाही असंच बाजूला सारून हिशेबखात्यात बसवलं होतं, आणि त्या कारकुनाबद्दल तिला एकाएकी आपलेपणा वाटू लागला होता.

दुसरा घोटाळाही भाचीने हुडकला होता. सर्व्हरमध्ये प्रोसेसर दोन, आणि कार्ड एकाच्या शेजारी खोचलेलं. फोनचं काम करणारी बिऱ्हाडं नेमकी दुसऱ्या प्रोसेसरकडे वसलेली. स्वयंपाकघर एका टोकाला आणि जेवणारे दुसऱ्या टोकाला, मग हेलपाटे होणारच. तिने जेवणाऱ्यांना उचलून स्वयंपाकघराशेजारी आणलं. वेग वाढला, पण पुरेसा नाही. आता एकच दुखणं उरलं होतं. एकेक पॅकेट आलं की कार्ड प्रोसेसरला घंटा वाजवतं. तो बिचारा हातातलं काम टाकून उठतो, पॅकेट घेतो, परत बसतो, की लगेच घंटा. दिवसभर त्याची नुसती उठबस.

हे ऐकून मावशीचा चेहरा उजळला. या एका विषयातली ती जाणकार होती.

"मग त्याला माझा नियम लाव की," ती म्हणाली. "दर बारीकसारीक पॅकेटला कशाला उठायचं? म्हणावं, साठू द्या, मूठभर झाली की हाक मारा. तोवर होल्ड करा."

भाचीचा घास हातातच राहिला. ती सोय कार्डात होतीच. घंटा किती वेळ रोखून धरायची आणि रांगेत किती पॅकेटं साठवायची, हे नुसतं ठरवून द्यायचं होतं. तिने ते थोडं थोडं वाढवून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली आणि मावशीच्या घरात चालतं तसं, सढळ हाताने वाढवून आली.

आकडे असे वर गेले की कालसाहेबांनी ते उभ्या उभ्या दोनदा वाचले आणि केक मागवला. केकचा एक तुकडा मावशीसाठी घरी आला. तो खाताना आपण उगाच हिशेबखात्यात वर्षं वाया घालवली, असं तिला मनापासून वाटलं. पुढचे दोन दिवस जो भेटेल त्याला, अगदी लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा, भाचीचा सर्व्हर आपण कसा पळवला ते तिने सांगितलं.

आता पलीकडचीबद्दल सांगायला हवं.

ज्या काळात दोन गावांतला फोन दोन ऑपरेटर मिळून जोडत, त्या काळात मावशीच्या फळीवरच्या एका दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक बाई होती. दोघींनी तेव्हा एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं, पण श्वासावरून ओळखायच्या. सर्दी झालीय, नवऱ्याशी वाजलंय, नव्या चपला चावताहेत, हे मावशीला पलीकडच्या नुसत्या "बोला"वरून कळायचं. नावं विचारायची राहूनच गेली आणि पुढे कळली तेव्हा आवाजाशी जुळेचनात. मावशी तिला पलीकडची म्हणायची. गंमत अशी, की तीही मावशीला पलीकडचीच म्हणायची. खरी पलीकडची कोण, हा वाद दोघींची काळी वेणी पांढरी होईपर्यंत चालला आणि मिटला नाही. निवृत्तीनंतर रोज दिवेलागणीला एकीने फोन करायचा, दुसरीने "बोला, पलीकडे" म्हणायचं, आणि पहिलीने "पलीकडे तू, अलीकडे मी" असं सुनावायचं. अलीकडे हे फोन भाचीच्या कंपनीतून जायचे, कारण घरचं दुकान असताना बाहेर कशाला जायचं.

पलीकडचीचा मुलगा दूरदेशी होता, नवरा गेलेला, आणि घर बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. गुडघे रोज वाटाघाटी करायचे. मावशीच्या समोरच्या दाराचं बिऱ्हाड रिकामं झालं, लिफ्टही दुरुस्त झाली, हे मावशीनेच तिला गप्पांच्या ओघात सांगितलं. केक आला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. पलीकडची नेहमीसारखी थट्टेने बोलत होती, आणि मध्येच थट्टा बाजूला ठेवून तिने विचारलं, "मी येऊ का गं तिथे राहायला? तुझ्या समोर?"

मावशी म्हणाली, "ये की."

आणि नंतर पलीकडून कितीतरी वेळ काहीच आलं नाही. मग पलीकडची म्हणाली, की बघू, विचार करून सांगते, घाई कसली आहे. त्यानंतर हवापाण्याच्या चार गोष्टी झाल्या. इतक्या वर्षांत त्या दोघी हवापाण्यावर कधी बोलल्या नव्हत्या.

पुढचे फोन आखूड होत गेले. बोलताना दोघी एकाच वेळी तोंड उघडायच्या, एकाच वेळी थांबायच्या, आणि "तू बोल", "नाही, तू बोल" यातच संध्याकाळ सरायची. ज्या बाईबरोबर कधी एक शब्द शब्दावर आपटला नव्हता, तिच्याशी आता दारात दोघांनी एकदम घुसावं तसं होऊ लागलं. घरमालक रविवारपर्यंत वाट पाहणार होते. पुढे दुसरं कोणीतरी येणार होतं, पोरं आणि ढोल घेऊन, असं मावशीने ऐकलं होतं. तिने दोनदा विषय काढला. पलीकडचीने दोनदा हवेकडे वळवला.

मावशीने त्या आठवड्यात कोणालाही होल्ड करायला सांगितलं नाही. भाचीने एकाच बटणासाठी हाक मारली, तर ती मुकाट्याने सुई घेऊन आली. तेव्हा भाचीला कळलं, की काहीतरी बिनसलंय.

शनिवारी भाची दुपारीच घरी आली, तोंड एवढंसं करून. ऑफिसात तक्रारींचा पाऊस पडला होता. फोन लागतो, आवाज स्वच्छ येतो, पण माणसं एकमेकांच्या बोलण्यात पाय अडकून पडतात. एका गृहस्थाने तर लिहिलं होतं, की बायकोला दर प्रश्नावर मी विचार करतोय असं वाटतं, आणि ही सवय तिला लागायच्या आत दुरुस्त करा. भाचीने तपासलं तेव्हा कळलं, की तिने चाचणीत एकूण माल किती वाहून गेला तेवढंच मोजलं होतं. बोललेला शब्द पोचायला किती वेळ लागतो, ते बघितलंच नव्हतं. कंपनी फोनचं जे रेकॉर्डिंग करते त्याचे भले मोठे गठ्ठे आणि बोलण्याची चिमुकली पॅकेटं एकाच लांब रांगेत उभी होती, आणि घंटा वाजायची ती गर्दी झाल्यावर. शब्द रखडत, अडखळत निघायचे. ते तुटक ऐकू येऊ नयेत म्हणून पलीकडचा फोनही शहाणपणा करून आपल्या परीने थोडे साठवून धरायचा. जिथे तिथे होल्ड.

ऐकता ऐकता मावशी खुर्चीत ताठ बसली. तिला एवढंच ऐकू आलं होतं, की दोष मशीनचा आहे.

"म्हणजे माझं 'ये की' तिला उशिरा पोचलं," ती म्हणाली. "मी लगेच म्हटलं होतं. मशीनने ते अडवून धरलं. कोणत्या शहाण्याने हा उद्योग केला?"

 भाची फक्त मावशीकडे बघत राहिली, आणि तिचे ओठ हसू आवरायला लागले. मावशीला हळूहळू लोणी आठवलं, मिठाची बाटली आठवली, केक आठवला, लिफ्टवाला आठवला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. सांगणार कोणाला?

"मी सल्ला दिला," ती शेवटी म्हणाली, "पण तू ऐकायला नको होतंस बाई."

दुरुस्ती भाची करूनच आली होती. बोलण्याला तिने वेगळी, आखूड रांग दिली. त्या रांगेत एक पॅकेट आलं तरी घंटा ताबडतोब वाजायची. रेकॉर्डिंगच्या गठ्ठ्यांना होल्डचा नियम तसाच ठेवला, कारण ते काही कोणाच्या उत्तराची वाट बघत नव्हते. एकूण आकडा किंचित उतरला. कालसाहेबांना ती म्हणाली, की केक परत मागणार असाल तर तो संपलाय. त्यांनी स्वतः घरी फोन लावून पाहिला, बायकोशी दोन वाक्यं बोलले, आणि जुन्या मशीनांचा विषय पुन्हा काढला नाही.

मावशीने दिवेलागणीचीही वाट पाहिली नाही. फोन लावला आणि "बोला, पलीकडे" यायच्या आतच सगळं सांगून टाकलं: कार्ड, रांग, घंटा, होल्ड. तुला वाटलं मी विचार केला, तर तसं नाही, मशीनने केला.

पलीकडची शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

हे मात्र तत्क्षणी पोचलं. मावशीला जुन्या दिवसांसारखा तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. तिने पुराव्यासाठी भाचीला हाक मारली आणि फोन मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवला. सांग हिला, मशीनने किती उशीर केला ते.

भाचीला खोटं बोलता येत नसे. तिच्या नोकरीत हा मोठाच गुण होता, घरात तितकासा नाही. ती म्हणाली, की जाऊन येऊन म्हणाल तर दोनदा पापणी लवावी इतका. फार तर तीनदा.

"ऐकलंस?" पलीकडची म्हणाली. "आणि मी त्या दिवशी विचारलं, मग चष्मा काढला, पदराने दोन्ही काचा पुसल्या, परत डोळ्यावर चढवला, तेव्हा कुठे तुझं 'ये की' आलं. तुझ्या पापण्या इतक्या सावकाश लवतात का गं?"

भाची उठून स्वयंपाकघरात गेली, आणि तिथे नळ सोडून उभी राहिली. पण कान इकडेच होते.

मावशी गप्प होती. ही शांतता मशीनची नव्हे, हे आता तिघींनाही ठाऊक होतं. फळीसमोर बसलेल्या बाईला दुसऱ्यांच्या बोलण्यातली थांबण्याची जागा बरोबर कळते. स्वतःची कळायला तिला आठवडा लागला होता. त्या दिवशी प्रश्न ऐकल्याबरोबर "ये" हा शब्द तिच्या ओठावर आला होता, आणि त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं होतं. तेच शब्दाचा पदर धरून त्याला मागे ओढत राहिलं.

"तू समोर राहायला आलीस," ती म्हणाली, "तर मग मी फोन कोणाला करू?"

 पलीकडून हसू आलं, ते जुनं, नाकातून सुरू होणारं, ज्याच्यावरून आपापल्या सुपरवायझरबाईंनी दोघींना दोन वेगवेगळ्या गावांत एकाच दिवशी ताकीद दिली होती. हसू ओसरल्यावर पलीकडची म्हणाली, की एवढंच होय. तिला वाटलं होतं, हिला आपले गुडघे नकोत.

"गुडघे आण," मावशी म्हणाली, "पण तोंडासमोर येऊन हवापाण्यावर बोलायचं नाही."

"आणि मला हाक काय मारशील? आता मी पलीकडची कशी राहीन?"

 मावशी म्हणाली, होल्ड कर.

रविवारी सकाळी घरमालकांना निरोप गेला. पुढच्या महिन्यात सामान आलं. पलीकडचीने लिफ्टमधून पाऊल बाहेर टाकलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघी जरा लाजल्या. याआधी त्या दोनचारदाच भेटल्या होत्या, तेही लग्नकार्याच्या गर्दीत. आवाजाला शोभेल असा चेहरा शोधायला दोघींनाही थोडा वेळ लागला. चहा झाला, बाकी बोलणं तुटक तुटकच. सामान लावायचंय असं सांगून पलीकडची आपल्या दारात गेली, आणि दार लागताच मावशीचा फोन वाजला. त्यानंतर दोघी पोटभर बोलल्या.

तेव्हापासून हे असंच चाललंय. दिवेलागणीला दोन्ही दारं बंद होतात आणि फोन लागतो. भाचीने मावशीला एकदा कळवळून सांगितलं, की दोन दारांच्या मध्ये चार पावलं नाहीत, आणि तुमचं बोलणं शहराच्या त्या टोकाला जातं, माझ्या सर्व्हरमध्ये शिरतं, आणि वळसा घालून परत याच मजल्यावर येतं. एकाच छपराखालच्यांनी बाहेरून जाऊन बोलणं, हे कार्डावर उगाच ओझं आहे. मावशी म्हणाली, की कार्ड वेगवान घेतलंस ना हट्टाने? मग पळू दे त्याला.

एकदा बोलता बोलता पलीकडची फोन कानाला धरूनच उठली. तिची साखर संपली होती. ती चपला सरकवत मावशीच्या दाराशी आली आणि तिने दार ठोठावलं. मावशीने ते दारातून ऐकलं, आणि मग, अगदी जेमतेम, फोनमधून ऐकलं. तिने दार उघडलं नाही. आधी भाचीला हाक मारली.

"अजून पापणीभर मागे आहे तुझं मशीन," ती म्हणाली.

भाची म्हणाली, त्याहून कमी आता होणार नाही, दार उघड.

"होल्ड करा," मावशीने दाराकडे बघून सांगितलं, आणि साखरेचा डबा आणायला ती आत पळाली.